बंद गाडीची उलटतपासणी

गल्लीतली एखादी जुनी फियाट सकाळी सुरू होईनाशी झाली की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. मालक किल्ली फिरवतो. बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो आणि विरून जातो. पाच मिनिटांत भोवती चार माणसे जमतात. एक म्हणतो, "बॅटरी उतरली." दुसरा म्हणतो, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला असणार." तिसऱ्याच्या मते प्लग ओले झालेले असतात. चौथ्याने जन्मात कधी बॉनेट उघडलेले नसते, तो बाह्या सरसावून म्हणतो, "धक्का मारून बघू!" गंमत अशी की या चौघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे निघू शकते. पण कोणाचे खरे, हे ठरवायचे कसे, याचा विचार चौघांपैकी एकानेही केलेला नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण तो विचार करणार आहोत. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकात बरेचसे आहेच. ओहमचा नियम, विद्युतघटाचा अंतर्गत रोध, फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, बाष्पीभवन. एवढ्या शिदोरीवर आपल्याला पुष्कळ लांब जाता येईल.

उदाहरणासाठी मी जुनी गाडीच घेतो, आणि तीही तुमच्या आईवडिलांच्या चांगल्या ओळखीची: प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी ही गाडी, मूळच्या इटालियन फियाट ११०० चे भारतीय रूप. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. हौशी लोकांच्या दारात मात्र पद्मिनी अजून दिसतात. आजच्या गाडीत इंधनाची फवारणी आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. काही बिघडले तर तोच सांकेतिक क्रमांक दाखवतो आणि विचार करण्याचे आपले काम बरेचसे हिरावून घेतो. पद्मिनीत तसे काही नाही. जे काही घडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, नाकाला कळते. शिकणाऱ्याला याहून चांगली गाडी नाही.

पहिला प्रश्न कानाने विचारायचा

पेट्रोल इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. कोणीतरी बाहेरून त्याला फिरवले पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात आली पाहिजे. दट्ट्याने ते मिश्रण नीट दाबले पाहिजे. आणि अगदी नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. चारांपैकी एक जरी चुकली तरी इंजिन सुरू होणार नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला चारही वेळा दिसते एकच: गाडी चालू होत नाही.

मग आधी काय तपासायचे? जे तपासायला सोपे आहे आणि ज्याच्या उत्तराने संशयितांची निम्मी यादी एका झटक्यात खोडली जाईल, ते. म्हणून पहिला प्रश्न असा: किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने गरगर फिरते का? या प्रश्नाला हत्यार लागत नाही, कान पुरतात. स्टार्टर मोटरला गॅरेजमध्ये 'सेल्फ' म्हणतात. आपणही तेच म्हणू. सेल्फ जोमाने फिरत असेल तर बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्यामधल्या जाड तारा निर्दोष सुटल्या. तो फिरतच नसेल किंवा रडतखडत फिरत असेल, तर त्या दिवशी कार्ब्युरेटरला कोणी हातसुद्धा लावू नये.

माझ्या पाहण्यात हा साधा नियमही फार थोडे लोक पाळतात.

दिव्यांची साक्ष

समजा, सेल्फ रडतखडत फिरतो आहे. बहुतेकांचा निकाल लगेच तयार असतो: बॅटरी उतरली. कोणी जरा चौकस असेल तर तो पुढचे दिवे लावून पाहतो. दिवे लख्ख लागले तर म्हणतो, "बॅटरी तर ठणठणीत आहे, सेल्फच गेला." दोन्ही निकाल घाईचे आहेत. का, ते आकड्यांत पाहू.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात शिसे आणि गंधकाम्लाचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भारित असताना प्रत्येकी २.१ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे धरले तर दोघांना मिळून ९० भागिले १२, म्हणजे साडेसात अँपिअर धारा लागते. सेल्फची भूक मात्र वेगळीच. थंड इंजिन, घट्ट झालेले तेल, चार दट्ट्यांचा विरोध हे सारे हलवायला तो १०० ते २०० अँपिअर खेचतो. अगदी पहिल्या क्षणी, मोटर स्थिर असताना, तो सर्वांत जास्त खेचतो. कारण मोटर फिरू लागली की तिच्यात विरोधी विद्युतचालक बल निर्माण होते आणि तेच धारेला आवर घालते. मोटर स्थिर असताना असा आवर घालणारे कोणी नसते.

आता बॅटरीच्या टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी तुम्ही पाहिली असेल. ती खरी बुरशी नव्हे, आम्लामुळे तयार झालेले क्षार असतात. समजा, त्यांच्यामुळे शिशाचा खांब आणि त्यावर बसवलेला चिमटा यांच्यात ०.०२ ओहम रोध आला. केवढासा! पण ओहमच्या नियमात घालून पाहा. नुसते दिवे लावले तर या जागी साडेसात गुणिले ०.०२, म्हणजे ०.१५ व्होल्ट हरवतात. दिवे मंद झाल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेल्फ मारला आणि १०० अँपिअर जरी वाहिले, तरी त्याच जागी २ व्होल्ट हरवतात आणि तिथे २०० वॅट उष्णता तयार होते. चिमटा चक्क गरम लागतो.

म्हणजे तेच टर्मिनल दिव्यांच्या दृष्टीने चांगले आणि सेल्फच्या दृष्टीने वाईट. नुसते दिवे लावून सेल्फची बाजू कळत नाही. म्हणून दिवे लावायचे, ते लावलेले असतानाच सेल्फ मारायचा, आणि त्या क्षणी दिव्यांचे काय होते ते पाहायचे.

दिवे थोडेसे उतरले आणि इंजिन जोरात फिरले, तर सगळे ठीक. दिवे पार मिणमिणते झाले आणि सेल्फ कण्हू लागला, तर दिवे आणि सेल्फ या दोघांच्या सामाईक वाटेवर काहीतरी बिनसले आहे: बॅटरी उतरली आहे, तिचा अंतर्गत रोध वाढला आहे, किंवा टर्मिनल खराब आहे. (क्वचित इंजिनच आतून अडकलेले असते.) आणि तिसरी शक्यता सर्वांत बोलकी. सेल्फ अडखळतो आहे किंवा गप्पच आहे, पण दिवे मात्र मुळीच उतरत नाहीत. अशा वेळी बॅटरीवर संशय घेण्याचे कारणच उरत नाही. बॅटरी दाब देते आहे. तो फक्त सेल्फच्या एकट्याच्या वाटेवर कुठेतरी वाया जातो आहे किंवा अडतो आहे.

एका नव्या बॅटरीची गोष्ट

आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांकडे पुनर्नोंदणी केलेली पद्मिनी आहे. हौसेची गाडी खरी, पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याच्या गावी न्यायचे ते हिच्यातूनच. डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. जुलै महिन्यात गाडीचा सेल्फ अडखळू लागला. त्यांनी एका दुकानात दाखवले. दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितले. नवी बॅटरी बसली, गाडी सुरू झाली, पैसे चुकते झाले. आठवड्याच्या आत पुन्हा तेच कण्हणे. या वेळी आईची पाळी रिक्षा करून गाठावी लागली.

दुकानदार म्हणाला, आता सेल्फ उघडावा लागेल. सहकाऱ्यांनी तो बेत एक दिवस पुढे ढकलला आणि संध्याकाळी आम्ही दोघांनी दिव्यांची परीक्षा घेतली. दिवे लख्ख, सेल्फ मात्र रडका. आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या पत्नींच्या ध्यानात आली. सेल्फ मारताना चोकची मूठ ओढावी तर ती कोमट लागत होती. चोक ही एक साधी पोलादी तार. तिच्यात वीज कशाला येईल?

याचे उत्तर गाडीच्या रचनेत आहे. गाडीत बॅटरीकडून दिव्याकडे एकच तार जाते. परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून असते. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले. दिवे सांगाड्यावरच बसवलेले, त्यांची परतीची वाट सरळ. पण इंजिन? ते कंपने सांगाड्यापर्यंत पोचू नयेत म्हणून रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते, आणि रबर तर विद्युतरोधक. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक जाड विणलेली पट्टी लावतात. गॅरेजमध्ये तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती चिखलापाण्यात असते, कोणाच्या नजरेला पडत नाही आणि बिचारी गंजत राहते. ती निकामी झाली की सेल्फची प्रचंड धारा परतीची दुसरी वाट शोधते. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत जाणारी धातूची आणखी एक वस्तू म्हणजे चोकची तार! ती बारीक, तिचा रोध जास्त. म्हणून ती तापते आणि सेल्फला पुरेसा दाब मिळत नाही.

खात्री करायला व्होल्टमापी होता. त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टच्या आतच दाब दिसायला हवा. काटा साडेतीनवर गेला. पट्टी काढली, दोन्ही टोके आणि बसण्याच्या जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, बोल्ट आवळले, वरून ग्रीस लावले. सेल्फ पहिल्या फटक्यात फिरला. जुनी बॅटरी भारित करून पाहिली, तीही धडधाकट निघाली.

मग नव्या बॅटरीवर गाडी चार दिवस तरी का चालली? नव्या बॅटरीचा दाब थोडा अधिक आणि अंतर्गत रोध थोडा कमी. तेवढ्या जोरावर तिने खराब पट्टीतूनही कशीबशी पुरेशी धारा रेटली. पट्टी आणखी बिघडल्यावर तोही जोर पुरेना. उपाय लागू पडल्यासारखा दिसला म्हणून निदान बरोबर ठरत नाही, ते असे.

याच पद्धतीने टर्मिनलही तपासता येते. व्होल्टमापीचे एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरे त्यावरच्या चिमट्यावर ठेवायचे आणि सेल्फ मारायचा. दोन्ही जागा एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्यात दाबाचा फरक जवळजवळ शून्य हवा. एकदोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचे, घासायचे, वरून पेट्रोलियम जेली लावायची. खर्च दहा रुपये. आणि टर्मिनलही चांगले निघाले, पण सेल्फ मारताना खुद्द बॅटरीच्या दोन खांबांमधला दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तेव्हाच बॅटरीला दोष द्यायचा.

धक्का का चालतो?

आता त्या चौथ्या माणसाकडे वळू. बॅटरी उतरली असताना इंजिन फिरत नाही, एवढेच घडत नाही. सेल्फने दाब ८-९ व्होल्टवर आणला की ठिणगीच्या यंत्रणेलाही तेवढाच दाब मिळतो आणि ठिणगीसुद्धा दुबळी होते. म्हणजे एका कारणाचे दोन परिणाम, आणि तपासणारा चकतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून, क्लच दाबून ढकलली आणि वेग आल्यावर क्लच सोडला, तर इंजिनाला चाके फिरवतात. बॅटरीवरचे सेल्फचे ओझे गेले. उरलेसुरले ११-१२ व्होल्ट ठिणगीच्या वाट्याला आले. ठिणगीला लागतात जेमतेम चार अँपिअर, आणि एवढे तर उतरलेली बॅटरीही देते.

म्हणून धक्का हा उपाय आहेच, शिवाय ती परीक्षाही आहे. धक्क्याने गाडी लगेच सुरू झाली तर ठिणगी, पेट्रोल आणि दाब हे तिघेही निर्दोष. वीस पावले ढकलूनही सुरू झाली नाही, तर आणखी दोनशे पावले ढकलण्यात अर्थ नाही. दोष दुसरीकडे आहे.

ठिणगीचा माग

समजा, सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. आता यादीत ठिणगी आणि पेट्रोल राहिले. पावसाळ्यात मी आधी ठिणगीकडे जातो.

बॅटरीच्या १२ व्होल्टमधून ठिणगी कशी पडते, हे मोठे सुंदर प्रकरण आहे. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवले की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतचालक बल निर्माण होते, आणि बदल जितका झटपट तितके ते बल मोठे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे तत्त्व मोटारीच्या कॉइलमध्ये व्यवहारात आणले. (१९१२ च्या कॅडिलॅक गाडीतला विजेचा सेल्फही त्याचाच. त्याआधी हँडल मारावे लागे, आणि हँडल उलटून मनगटे मोडत.) कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: एक जाड तारेच्या काहीशे वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचे. जाड वेटोळ्यातून सुमारे ४ अँपिअर वाहत असताना डिस्ट्रिब्यूटरमधले 'पॉइंट' नावाचे दोन चिमुकले संपर्क विलग होतात. धारा एकदम तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळते. जाड वेटोळ्यातच सुमारे ३०० व्होल्ट उठतात. बारीक वेटोळ्यात वेढ्यांच्या प्रमाणात वाढून वीस हजारांच्या घरात. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला असे दोनदा. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला शंभर ठिणग्या!

पण इथे एक मेख आहे. पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यामधली फट केसाहून बारीक असते. उठलेला दाब तिथेच ठिणगी पाडून मोकळा होऊ पाहतो. तसे झाले तर धारा तुटण्याऐवजी रेंगाळत संपेल आणि प्लगवर काहीच पोचणार नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडतात, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. फट रुंदावेपर्यंतचा तो इवलासा क्षण कंडेन्सर धारा स्वतःकडे घेतो. अंगठ्याएवढी ही डबी बिघडली की बाकी सारे नवेकोरे असूनही गाडी सुरू होत नाही. ओळख सोपी: पॉइंट उघडताना त्यांच्यात भडक निळ्या ठिणग्या उडताना दिसतात.

तपास कसा करायचा? प्लगची एक तार काढून तिला एक जास्तीचा प्लग लावतात, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवतात आणि सेल्फ मारतात. कडकडीत निळी ठिणगी दिसली तर उत्तम. पण सावध राहा. मोकळ्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमध्येही पडेल, असे नाही. हवेत मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. प्लगमधली फट ०.६ मिलिमीटर, म्हणजे दोनेक हजारांत काम भागते. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण सातआठ पट दाबलेले असते. रेणू दाटीवाटीने असले की इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी जागा मिळत नाही आणि ठिणगीला कितीतरी अधिक दाब लागतो. म्हणून जाणते मिस्त्री पिवळसर, मरतुकड्या ठिणगीवर समाधान मानत नाहीत. कॉइलची मधली जाड तार इंजिनापासून सहा मिलिमीटर लांब धरून तेवढी उडी मारणारी ठिणगी ते मागतात.

ही परीक्षाही यादीचे दोन तुकडे करते. मधल्या तारेवर ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर दोष त्यांच्यामध्ये आहे: डिस्ट्रिब्यूटरचे झाकण, त्यातला फिरता रोटर किंवा प्लगच्या तारा. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरते आणि वीज ओल्या पृष्ठभागावरून पळ काढते. कोरड्या फडक्याने पुसले की काम झाले. मधल्या तारेवरच ठिणगी नसेल तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. तिथे १२ व्होल्टचा एक छोटा दिवा पुरे. त्याचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या स्क्रूला, दुसरे सांगाड्याला. इंजिन फिरवताना दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. संशय कंडेन्सरवर किंवा बारीक वेटोळ्यावर. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटूनही मळामुळे जोडले जात नाहीत. मुळीच पेटला नाही तर कॉइलला वीजच येत नाही, जाड वेटोळे तुटले आहे, किंवा पॉइंट सांगाड्याला कायमचे चिकटले आहेत. एक दिवा, तीन उत्तरे!

या परीक्षा तुम्ही एकट्याने करायच्या नाहीत. मिस्त्री करत असताना शेजारी उभे राहून पाहा. वीस हजार व्होल्टचा झटका दचकवून हात पंख्यात घालायला पुरेसा असतो. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि पेट्रोलची वाफ तर जिथे तिथे असते. आणि संगणक असलेल्या नव्या गाडीवर तार लांब धरण्याची परीक्षा मिस्त्रीनेही करू नये. तिच्यातले इलेक्ट्रॉनिक भाग त्याने जळतात.

नाक आणि पेट्रोल

ठिणगी ठीक असेल तर उरले पेट्रोल. आधी टाकीत आहे ना, ते पाहा. हसू नका! जुन्या गाड्यांचा काटा पुष्कळदा खोटे बोलतो. मग थोडा वेळ सेल्फ मारून एक प्लग काढायचा. तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पंप, नळी किंवा कार्ब्युरेटर पाहावा लागेल. तो ओलाचिंब असून पेट्रोलचा वास येत असेल, तर फाजील पेट्रोल आले आहे. गॅरेजच्या भाषेत गाडी 'ओव्हरफ्लो' झाली.

द्रवरूप पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट पेट घेत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात असेल तरच. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. थंडीत पेट्रोलमधले हलके घटकच तेवढे वाफ होतात, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त देतात. उत्साही मालक चोक ओढून पुन्हापुन्हा सेल्फ मारतो आणि प्लग भिजवून बसतो. उपाय धक्क्याहून सोपा: चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. भरपूर हवा आत जाते आणि प्लग सुकतात.

उन्हाळ्यात दोष उलट बाजूने येतो. मे महिन्यात कसारा घाट चढून आलेली गाडी चहाला थांबते आणि मग सुरू होत नाही. चालत्या गाडीला वारा लागतो, येणारे ताजे पेट्रोलही नळीला गार ठेवते. थांबल्यावर इंजिनाची सारी उष्णता पंपात आणि नळीत शिरते. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यातले हलके घटक चाळीसएक अंशांनाच उकळू लागतात. नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके टाकत आणि दुसरा चहा मागवत. फडक्यातले पाणी वाफ होताना पंपातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते, तोच हिशेब.

इंजिन फिरते आहे, ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरीही गाडी नुसती फटफट करून कार्ब्युरेटरमधून उलटी फुंकते आहे, तर ठिणगीची वेळ चुकली आहे. चारही तारा १-३-४-२ या क्रमानेच बसल्या आहेत का, ते आधी पाहावे. झाकण पुसताना त्यांची अदलाबदल होण्याचा संभव फार. दाबच कमी असेल तर झडपा आणि दट्ट्याची कडी झिजली आहेत, आणि ते काम मोठ्या गॅरेजचे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. गाडीची गरज नाही. टॉर्चचे तीन नवे सेल एकापुढे एक जोडा. त्यावर खेळण्यातली एक मोटर आणि तिला समांतर एक लाल एलईडी (१०० ओहमचा रोधक जोडून) लावा. दोघांना वेगवेगळ्या कळी ठेवा. मोटर म्हणजे आपला सेल्फ, एलईडी म्हणजे दिवा. आता सेलांच्या लगेच पुढे, दोघांच्या सामाईक वाटेवर, १० ओहमचा रोधक घाला. हे झाले गंजलेले टर्मिनल. आधी नुसता एलईडी लावा, मग मोटर चालू करा, मग मोटरचा दांडा क्षणभर बोटांनी अडवून धरा आणि प्रत्येक वेळी १० ओहमच्या रोधकावरचा दाब व्होल्टमापीने मोजा. नंतर तोच रोधक उचलून फक्त मोटरच्या वाटेवर घाला. ही झाली गंजलेली अर्थिंगची पट्टी. आता दांडा अडवल्यावर एलईडीचे काय होते, ते पाहा.

दोन्ही प्रकार नीट समजल्यावर शिक्षकांनी सारी जोडणी पुठ्ठ्याच्या खोक्यात झाकावी. मोटरचा दांडा, एलईडी, कळी आणि तपासण्यासाठी चारसहा स्क्रूची डोकी एवढेच बाहेर ठेवावे. रोधक कुठे दडवला आहे, ते खोके न उघडता व्होल्टमापी कमीत कमी वेळा लावून कोण सांगतो, हे पाहावे. आमच्या अकरावीच्या मुलांना सुरुवातीला सातआठ वेळा लावावा लागला. मुलांनी आधी एलईडीकडे बघायला सुरुवात केल्यावर तीन वेळांत काम होऊ लागले.